दोन फोनांचं भांडण

माझ्या नातीचा संसार मोडायला आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात बैठक बसली, तेव्हा तिचं आणि तिच्या नवऱ्याचं भांडण नेमकं कशावरून आहे, हे तिथल्या एकालाही सांगता येत नव्हतं. त्यात मीही आले.

आमच्याकडं विट्याच्या आसपास पुष्कळ घरांतले पुरुष परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात टाकून चोख सोनं काढायचं, हा धंदा. माझ्या नवऱ्याचा जन्म त्यातच गेला. मुलगा आणि सून केरळात आहेत, तेही त्यातच. नातीला मात्र मराठी शाळेत शिकवायचं म्हणून माझ्याकडं ठेवली, आणि ती माझीच झाली. मी चौथीपर्यंत शिकलेली. ती सांगलीला वसतिगृहात राहून पदवीधर झाली.

लहानपणी भांडकुदळ होती. भाजी अळणी का, नैवेद्य देवाला दाखवायचा आणि खायचा आपण का, बाजरी ह्याच रानात का पेरायची, सगळ्यावर तिचं काहीतरी म्हणणं असायचं आणि बहुतेक वेळा ते चुकलेलं असायचं. गणित करताना कपाळाला आठ्या घालून वेणी चावत बसायची. मी म्हणायची, "वेणी खाऊन गणित सुटत न्हाई." ती म्हणायची, "सुटतं. तू गप."

सांगलीला गेल्यावर दुसऱ्या वर्षापासून त्या आठ्या गेल्या. फोनमध्ये ते माणसासारखं बोलणारं यंत्र आलं होतं. कॉलेजचं लिखाण त्याच्याकडून, सरांना रजेचा अर्ज त्याच्याकडून, मैत्रिणीशी बिनसलं तर तिला काय म्हणायचं तेही त्याच्याकडून. सुट्टीला आली की मी मुद्दाम खोडी काढायची, भांडण उकरायची. ती फोनकडं बघायची आणि दोन्ही बाजू कशा बरोबर आहेत ते मला समजावून सांगायची. पूर्वी तिचं उत्तर चुकीचं असायचं. आता ते तिचं नसायचं.

त्या यंत्राला मी नावं ठेवत नाही. डाळिंबावर रोग पडला तेव्हा मीच तिला त्याला विचारायला लावलं होतं, आणि त्यानं सांगितलेलं बरोबर निघालं. पण डाळिंबाला काय झालंय ते झाडावर दिसतं, त्याचा फोटो काढता येतो.

लग्न कराडकडच्या मुलाशी झालं. घरचा ऊस, एक काका फौजेतून निवृत्त झालेले, मुलाचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान. दुकानाच्या वरच्या खोलीत दोघं राहायची. काही महिन्यांनी नात एका लग्नाला म्हणून आली आणि परत गेली नाही.

"का गं?" मी विचारलं.

"पटत नाही."

"कशावरनं?"

"तुला नाही कळायचं, आजी."

मला वाटलं, सांगायला लाजत असेल.

मग सगळा पावसाळा आणि सगळा हिवाळा ती पायरीवर बसून अंगठा चालवत राहिली. नवऱ्याचा निरोप आला की आधी यंत्राला सांगायची, तो असं म्हणाला, मी काय म्हणू. ते लिहून द्यायचं. ही पाठवायची. दोन दिवसांनी तिकडून उत्तर यायचं. एकदा मी तिला ते मोठ्यानं वाचायला लावलं. "आपल्या नात्यात परस्पर अपेक्षांबाबत स्पष्टता नसल्याचे मला जाणवते." मी चपापले. हा पोरगा लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तर नुसतं नाव घेऊन मोकळा झाला होता. ह्याला हे कुठलं सुचायला? मला वाटलं, तिकडं कुणीतरी वकील बसवलाय आणि तो लिहून देतोय. केरळात मुलाला फोन करून मी तसं सांगितलं. तेव्हापासून मुलगाही त्यांच्याशी तोलूनमापून बोलायला लागला.

तिकडंही तेच झालं होतं. आमच्या पोरीचे निरोप वाचून त्यांची खात्री झाली की हिनं वकील दिलाय. शेवटी फौजेतल्या काकांचा फोन आला. "कोर्टात जाण्यापरीस बसून मिटवू. मोडायचं असंल तर तसं मोडू."

मुलगा केरळातून आला. तिकडून काका आणि जावई आले. दुसऱ्या कुणाला मी बोलावलंच नाही. सोप्यात सतरंजी घातली. जावई दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून खाली बघत बसला. चहा कुणी नीट प्यायलं नाही.

"आक्का," काका म्हणाले, "आमी भांडाय आलो न्हाई. आमच्या घरात आजवर काडीमोड झालेला न्हाई. पण पोरीनं वकील दिला म्हटल्यावर आमी काय मतलब काढायचा?"

"वकील तुमी दिलाय," माझा मुलगा म्हणाला.

काकांनी चष्मा लावला, पुतण्याचा फोन घेतला आणि लांब धरून वाचलं. "माझी स्वायत्तता आणि भावनिक सुरक्षितता जपणारा अवकाश मला या नात्यात मिळावा, ही माझी रास्त अपेक्षा आहे." चष्म्यावरून त्यांनी आमच्याकडं बघितलं. "हे तुमची पोरगी बोलती? अवकाश. कुठं रॉकेटात बसायचंय का तिला?"

कुणी हसलं नाही.

"आन् तुमच्या पोराचं काय?" मुलगा म्हणाला. "मूलभूत विसंगती. सन्मानपूर्वक विभक्त होण्याचा पर्याय. हे नोटिशीचं मराठी हाय. विभक्त व्हायचं पयल्यांदा तुमच्याकडनं आलं."

"तुमच्याकडनं आलं."

"तुमच्याकडनं."

दोघांनी दोन फोन शेजारी ठेवले आणि चाळत बसले. मीही वाकून बघितलं. कुठलं लिखाण कुणाचं, ते वरचं नाव वाचल्याशिवाय कळत नव्हतं. दोघंही एकाच मास्तरच्या हाताखाली शिकल्यासारखी. तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली, पण बोलायला सवड मिळाली नाही. काकांनी फोन खाली ठेवला.

"आक्का, पोरीला इचारा. नांदायचंय का न्हाई, एक काय ते. न्हाई म्हणली तर आजच कागद करू. दोनी घरं मोकळी."

आमच्याकडं अशा बैठकीत पोरगी बाहेर येत नाही. ती आत चुलीपाशी बसते. घरातली थोरली बाई आत जाऊन तिला विचारते आणि बाहेर येऊन तिचं म्हणणं सांगते. रीत चांगली आहे असं मी म्हणत नाही. पण त्या रीतीत एक नियम आहे: पोरगी बोलली तेवढंच बाहेर न्यायचं, पदरचं अक्षर घालायचं नाही. ह्यापूर्वीही मी भावकीतल्या पोरींचे शब्द असे बाहेर नेले आहेत.

आत गेले तर नात फोन पुढं करून उभीच होती.

"आजी, हे बाहेर वाचून दाखव. दोघांचाही मान राहील असं लिहून घेतलंय."

मी चष्मा लावून वाचलं. मग परत वाचलं. लिहिलेलं चांगलं होतं. त्यात दोष काढण्यासारखं काही नव्हतं. तिला वेळ हवा होता, आदर हवा होता, काही काळ अंतर हवं होतं. पण बाहेर ते लोक कागद करायला बसले होते. "अंतर" म्हटलं की त्यांना तेवढं पुरलं असतं.

"ह्यात नांदायचंय का न्हाई ते कुठं हाय?"

"आहे ना त्यात."

"न्हाई. मी दोनदा वाचलं. तू तोंडानं सांग, मी तेवढंच नेते."

तिनं फोन परत माझ्यापुढं केला.

"तुला तो पायजे का नको?"

"असं एकदम कसं सांगू?"

"एकदम कुठलं? पावसाळा गेला, हिवाळा गेला."

बाहेरून मुलगा म्हणाला, "आई, झालं का?" मी म्हणाले, थांब. नातीनं परत फोनवर अंगठा ठेवला. मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं असणार, कारण तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजी, सोड. मला काय वाटतंय ते मलाच कळत नाही. ह्याला सांगितलं की हा लिहितो, आणि वाचलं की मला वाटतं, हो, हेच तर वाटत होतं मला. मग परत विचारलं की वेगळं लिहितो. मग तेही खरं वाटतं."

मी तिचं मनगट सोडलं. मला वाटलं होतं पोरगी हट्टी आहे. हट्टी असती तर बरं झालं असतं.

फोन नव्हते तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका मला नवऱ्यांना पत्रं लिहायला बसवायच्या. सगळ्यांचे नवरे सोनं गाळायला गेलेले आणि लिहिता येणारी मी एकटी. काही जणी म्हणायच्या, तुमीच लिवा काय लिवायचं ते. मी म्हणायची, मला काय माहीत तुझ्या पोटात काय आहे, आधी तोंडानं बोल. एक बाई माझ्यापुढं डाळ निवडत सगळी दुपार बसली. कितीदा तरी "लिवा" म्हणाली आणि पुढं काही बोलेना. शेवटी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "लिवा, म्हस व्याली आन् मी हितं मरतीया." मी तेवढंच लिहिलं. नवरा आला का नाही ते मला आठवत नाही. पण आपण मरतोय हे तिलाही ती बोलेपर्यंत कळलं नव्हतं, हे मी तिच्या तोंडावर बघितलं होतं.

नातीला ती दुपार मिळालीच नव्हती. ती अडखळायच्या आत तिच्या हातात लिहिलेलं तयार पडायचं.

मी बाहेर आले.

"काय म्हणती?" काकांनी विचारलं.

"अजून काय म्हणत न्हाई."

"आक्का, ही काय बैठक झाली?"

"तुमच्या पोराला तरी इचारा. जावईबापू, तुमाला काय पायजे?"

त्यानं मान वर केली. पाठ केलेलं म्हणावं तसं तो म्हणाला, "मला वाटतं की आमच्या नात्यात परस्पर... परस्पर..." आणि थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बोल की लेका," काका म्हणाले. "फोनवर तर हायकोर्ट हुतास."

"काका, ते मी न्हाई लिवलं." तो खाली बघूनच बोलत होता. "ती एकदम शुद्ध लिवाय लागली. मला तसं येत न्हाई. मग मी बी फोनलाच सांगाय लागलो, ह्याचं उत्तर दे म्हणून."

"ती तरी कुठं लिवत हुती," मी म्हणाले. "ती बी त्यालाच सांगत हुती."

काकांनी एकदा ह्या फोनकडं, एकदा त्या फोनकडं बघितलं. मग मांडीवर थाप मारली आणि पोट धरून हसायला लागले. "म्हंजे वकील न्हाईच. दोन फोन भांडत्यात आन् आमी पेट्रोल जाळत कराडवरनं येतोय." माझा मुलगाही हसला. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "मग भांडणच न्हाई," तो म्हणाला. "आई, तिला म्हण पिशवी भर. आजच जाऊ दे."

"बरूबर," काका म्हणाले. "उन्हं उतरायच्या आत निघू."

ते हसत होते आणि मला हसू येत नव्हतं. कारण आता तिला कुणी विचारतच नव्हतं. मघाशी निदान विचारत तरी होते. इतके दिवस तिच्याऐवजी यंत्र बोललं, आता सोप्यातले पुरुष बोलत होते, आणि तिला दोन्ही सारखंच सोपं जाणार होतं. मी आत वळून बघितलं. ती खरंच दोरीवरची साडी काढून घडी घालायला लागली होती.

"ती येणार न्हाई" असं मी म्हणू शकत होते. माझ्या जिभेवर होतं. पण ते माझं झालं असतं, आणि तिनं तेही ऐकलं असतं. शिवाय तिनं जावं का राहावं, मलाही ठाऊक नव्हतं.

"जातीस?" मी दारातूनच विचारलं.

"सगळे म्हणतायत तर..."

"सगळ्यांत तू धरलीस का?"

साडीचा काठ तिनं हनुवटीखाली धरला होता. तो तसाच राहिला. माझ्याकडं बघत राहिली. मग साडी गळून पडली. ती उचलायला न वाकता नात पुढं आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. बैठक बसलेली असताना असं कुणी येत नाही. काका हसायचे थांबले.

"तू बाहेरनं कडी लावायचास," ती नवऱ्याला म्हणाली.

वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याला अरेतुरे. काकांच्या भुवया वर गेल्या.

"काय?" जावई म्हणाला.

"खाली दुकानात जाताना. जिन्याच्या दाराला. रोज."

"सोनं असतंय खाली. अनोळखी माणसं येत्यात. सगळेच लावत्यात."

"मला ताप होता त्या दिवशी मी दार वाजवत बसले होते. खाली तुझी भट्टी चालू होती, तुला ऐकू गेलं नाही. फोन उचलला नाहीस. संध्याकाळी काढलीस कडी. काढलीस आणि म्हणालास, जेवायला काय आहे."

"मग मला सांगायचं की."

"सांगितलं. इथं आल्या आल्या सांगितलं."

"कडीचं?" तो आता सरळ बसला होता. त्यानं काकांच्या पुढ्यातला फोन ओढला आणि मागं मागं बघत गेला. "कुठं हाय? कडी हा शब्द दाखव मला. स्वायत्तता हाय, अवकाश हाय. स्वायत्तता मागती म्हंजे काय ते मी त्यालाच इचारलं. लय काय काय सांगितलं त्यानं. नोकरी करायची असंल, वेगळं राहायचं असंल. कडी न्हाई सांगितली."

"मी त्याला कडीच सांगितली होती," नात म्हणाली. हे बोलताना ती स्वतःच दचकली. "पहिल्या दिवशी कडीच सांगितली होती. त्यानं ते चांगलं करून दिलं. मग मीही तसंच म्हणायला लागले."

मी मुलाकडं बघितलं. तो सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. माझी सून केरळात दुकानाच्या वरच्या खोलीत इतकी वर्षं राहते. जावयानं "सगळेच लावत्यात" म्हटल्यावर मुलानं मान वर केली नव्हती. मी तिथं काही विचारलं नाही.

"बरं," काका म्हणाले. "कडी लावायची न्हाई. ऑर्डर दिली. झालं? चल पोरी."

"नाही," नात म्हणाली.

"आता काय?"

"आज नाही."

"मग कवा?"

"माहीत नाही."

"आता बी माहीत न्हाई?"

"कळलं की सांगीन. मला वेळ लागेल." पुढचं सगळं ती तुटक तुटक बोलली, तेच तेच बोलली, मध्येच सासूच्या चहाला नावं ठेवली, ज्याचा इथं काही संबंध नव्हता. जावईही उठून उभा राहिला. तो म्हणाला, मी दिवसभर धुरात उभा राहून वर यायचो तर तू फोनशी बोलत बसायचीस, माझ्याशी एक शब्द नाही, मी खाली भट्टीपाशी एकटा जेवायचो ते तुला दिसलं का. ती म्हणाली, दार उघडं असतं तर दिसलं असतं. तो म्हणाला, उघडं असतं तरी तू आली नसतीस. ती उभी राहिली, कपाळाला आठ्या घालून, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

काका त्यांना आवरायला उठले. मी म्हणाले, "बसा पाव्हणं. इतक्या दिवसांचं तुंबलंय."

दोघांचं भांडण ऐकायला चांगलं नव्हतं. दोघंही एकमेकांना नको ते बोलली. शेजारीण कुंपणापाशी येऊन परत गेली. पण त्या भांडणात काय चाललंय ते मला सगळं कळत होतं, चौथी पास बाईला.

कागद झाला नाही. तिला न घेता ते गेले. गाडीत बसताना काका म्हणाले, "आक्का, तुमी पोरीला फूस दिली."

"मी काय बी दिलं न्हाई."

"तेच म्हणतोय. तुमी जा म्हटलं असतं तर ती आली असती," ते म्हणाले आणि काच वर केली.

त्यानंतर जावई आठवड्यातून एकदोनदा फोन करू लागला. लिहायचं नाही, बोलायचं, असं दोघांचं ठरलं होतं. ती अंगणात फेऱ्या मारत बोलायची. बोलणं कमी, थांबणंच जास्त. "मग..." म्हणायची आणि पुढं काही नाही. तिकडूनही काही नसावं. कधी फोन ठेवून ती पायरीवर बसायची आणि अंगठा चालवायची. परत त्यालाच विचारते का, ते मी विचारलं नाही. विचारत असेलही. भाजीचं, औषधाचं ती अजून त्यालाच विचारते. सवय अशी एका दुपारी सुटत नाही, आणि सुटली म्हणून मी खोटं का सांगू.

मुलाचा केरळातून फोन आला. "आई, काय ठरलं तिचं? नांदती का?"

"ती ठरवती हाय. तुझ्या जिन्याच्या दाराला कडी आतनं हाय का बाहेरनं रं?"

"काय? आई, ऐकू येत न्हाई. हितं नेटवर्क न्हाई," तो म्हणाला आणि फोन गेला. सुनेशी अजून माझं ह्यावर बोलणं झालेलं नाही. ती दिवाळीला येईल तेव्हा समोर बसवून विचारीन.

मग जावयानं दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडं एक खोली भाड्यानं बघितली. ये म्हणाला. नातीनं दोन दिवस काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणाली, "मी जाते, पण राहायला नाही. बघायला." एकच पिशवी घेतली. ट्रंक माझ्याकडं राहू दिली. विट्याच्या स्टँडवर मी विचारलं, तिथं गेल्यावर सगळे राहा म्हणाले तर काय करशील. तिला राग आला. "मला आत्ता विचारू नको," ती म्हणाली. गाडी लागली तशी चढली. मागं वळून बघितलं नाही. खिडकीची जागा धरायची होती तिला.

पोचल्यावर तिचा फोन आला.

"आजी, खोली बघितली. अंधारी आहे. खिडकी आहे एक, पण भिंतीवर उघडते."

"मग?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मागं रस्त्यावरचे आवाज येत होते, कुणीतरी तमिळमध्ये ओरडत होतं. मला वाटलं, फोन कट झाला. मी "हॅलो" म्हणणार होते. म्हणाले नाही, थांबले.

"अजून नाही ठरलं," ती म्हणाली. "उद्या परत बघायला जाणार आहे. एकटी."

"बरं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.